रामटेकचा नरसिंह आणि मनसरचा शिव

खापरखेड्याच्या वीज केंद्राची धुराडी ज्या परिसरातून दिसतात, त्या परिसरातील माणसाला रामटेक ठाऊक नसणे शक्य नाही. त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा, अंबाळा तलाव आणि गडावरची राम-लक्ष्मणाची मंदिरे एवढे प्रत्येकाच्या वाट्याला लहानपणीच येते. परंतु गडावर चढणाऱ्या शंभर भाविकांपैकी किती जण वाटेवरच्या नरसिंहापाशी थांबतात? जे थांबतात ते हात जोडून पुढे जातात. यात भाविकांचा दोष नाही. मूर्तीपुढे उभे राहून तिच्याशी बोलावे कसे, हे त्यांना कुणी शिकवलेले नाही आणि शिकवण्याची जबाबदारी ज्यांची, त्यांत आम्ही मराठीचे अध्यापकही येतो.

केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही रामटेकच्या टेकडीवरची दोन मंदिरे पाचव्या शतकातील, म्हणजे वाकाटकांच्या काळातील आहेत. आज आपण ज्याला मंदिर म्हणून ओळखतो तो शिखरांचा थाट इथे नाही. वास्तू बुटकी, जाड भिंतींची, सपाट छताची आणि आत जवळजवळ सगळा अवकाश व्यापून बसलेला भव्य नरसिंह. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, पोट फाडण्याचा प्रसंग नाही. हातात चक्र घेऊन तो नुसता बसला आहे. त्याची ताकद त्या बसण्यात आहे. आपल्या कॅलेंडरांनी आपल्याला जो उग्र नरसिंह दाखवला, त्याच्यापेक्षा हा फार वेगळा आहे. राज्य करणाऱ्याने स्वस्थ बसावे तसा तो दिसतो.

राज्य करणारीने, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. पतीच्या मृत्यूनंतर अल्पवयीन पुत्रांच्या वतीने तिने राज्यकारभार पाहिला. तिचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरीच्या देवाच्या पायाशी दिलेला आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे सारे लेख संकलित करून १९६३ साली प्रसिद्ध केले, आणि मेघदूतातील रामगिरी म्हणजे हेच रामटेक, हे मतही त्यांनीच नागपुरात बसून हिरिरीने मांडले. यक्षाच्या विरहाचे स्थळ म्हणून रामटेक मिरवते. पण एका विधवा राणीने आपल्या कारभाराची मुद्रा ज्या टेकडीवर उमटवली ती टेकडी म्हणून तिची ओळख आपण मुलांना क्वचितच करून देतो.

केवल नरसिंह मंदिराच्या भिंतीवर एक शिलालेख आहे. गिलाव्याखाली तो शतकानुशतके झाकलेला होता. १९८०च्या दशकात तो उजेडात आला तेव्हा त्याचा बराच भाग नष्ट झालेला होता. उरलेल्या ओळींत ‘प्रभावतीस्वामी’ हे नाव वाचता येते. एका लेकीने आईच्या पुण्यासाठी केलेले हे काम असावे, असे अभ्यासकांचे वाचन आहे. मुद्दा असा की मूर्ती टिकली ती पूजेमुळे. तिला कुणी हलवले नाही, कारण तो देव होता. पण तिच्या शेजारची अक्षरे झाकली गेली तीही देवळाची निगा राखण्याच्या सद्हेतूनेच. श्रद्धेने देव वाचवला आणि त्याच्या आईचे, अर्थात त्याच्या घडवणाऱ्या घराचे, नाव मात्र पुसट केले.

आता दुसरी बाजू पाहू. रामटेकहून काही किलोमीटरवर, जबलपूर रस्त्यावर मनसर आहे. इथे १९७२ साली लाल वालुकाश्मातील एक शिवमूर्ती मिळाली. स्थूल देह, जटेत चंद्रकोर आणि चेहऱ्यावर असे स्मित, की पाहणाऱ्यालाही हसू यावे. भारतीय शिल्पकलेच्या ग्रंथांत तिचे स्थान मोठे आहे. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिथे ती सुरक्षित आहे, तिला योग्य प्रकाश मिळाला आहे, तिचा फलक आहे. मात्र मनसरच्या टेकडीवर उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला ती दिसत नाही आणि दिल्लीत तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्याला मनसर दिसत नाही. संग्रहालयाने मूर्ती वाचवली, पण तिचे गाव तिच्यापासून तुटले.

मनसरचा प्रश्न याहूनही अवघड आहे. १९९७-९८ पासून सुमारे दशकभर तिथे जगतपती जोशी आणि अ. कृ. शर्मा यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. हा पुढाकार नागपूरच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेचा होता. आर्य नागार्जुनाचे नाव या परिसराशी जोडणारी स्मृती नागपूरच्या बौद्ध समाजात जिवंत आहे. उत्खननातून हिडिंबा टेकडीवर विटांची प्रचंड वास्तू बाहेर आली. एका मतानुसार ते दुसऱ्या प्रवरसेनाचे शिवमंदिर, प्रवरेश्वर. दुसऱ्या मतानुसार त्याखाली बौद्ध स्तूप आहे. शेजारच्या वास्तूला कुणी राजवाडा म्हणतात, कुणी विहार. मत मांडले की लगेच विचारले जाते, ‘तुम्ही कुणाच्या बाजूचे?’

आम्हांला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. एका जागेवर विहार असणे आणि पुढे तिथेच देऊळ होणे, किंवा याउलट होणे, यात कुणाचाही अपमान नाही. अपमान होतो तो एक थर दाखवण्यासाठी दुसरा थर नाकारला जातो तेव्हा. बौद्ध विद्यार्थ्याला मनसर आपले वाटावे आणि त्याच दिवशी त्याने रामटेकच्या नरसिंहाकडेही परके न होता पाहावे. वारकरी घरातल्या मुलीने नरसिंहाला नमस्कार करावा आणि मनसरच्या विटांपाशीही तितकाच वेळ थांबावे. मालकी सांगणाऱ्यांना एकच थर हवा असतो. शिकणाऱ्याला सगळे लागतात.

मराठीच्या अध्यापकाने यात का पडावे, असे कुणी विचारेल. त्याला एक कारण आहे. महानुभाव परंपरेनुसार भडोचचा हरिपाळदेव रामयात्रेला म्हणून रामटेककडे निघाला. वाटेत रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले आणि ती यात्रा तिथेच थांबली. तो पुढे चक्रधर झाला आणि त्याच्या लीळा सांगण्यातून मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, लीळाचरित्र, उभा राहिला. ज्या रिद्धपूरला प्रभावतीचा ताम्रपट मिळाला, त्याच रिद्धपूरला २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. रामगिरी, रिद्धपूर आणि मनसर ही एकाच कथेची पाने आहेत. आम्ही ती तीन वेगवेगळ्या विषयांच्या वह्यांत लिहून ठेवली.

म्हणून सूचना साधी आहे. विदर्भातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागाने वर्षातून एक दिवस ही यात्रा करावी. सकाळी नरसिंहापुढे बसावे, शिलालेखाच्या उरलेल्या ओळींचा अर्थ समजून घ्यावा. दुपारी मनसरला जाऊन दिल्लीतल्या शिवाचे छायाचित्र हातात धरून ती टेकडी पाहावी. ज्याला हात जोडायचे त्याने जोडावेत, ज्याला वही काढायची त्याने वही काढावी. दोन्ही करणारे निघाले तर अधिकच उत्तम. सोबत एखादा इतिहासाचा अध्यापक असावा आणि त्याने निष्कर्ष सांगण्याची घाई करू नये.