एक झाड, बारा छायाचित्रें

गेल्या वर्षीं शाळेंत निसर्गाच्या छायाचित्रांची स्पर्धा झाली व चित्रें निवडण्याचें काम माझ्याकडे आलें. कासच्या पठारावरील एका जांभळ्या फुलाचें, पाकळ्यांवर जलबिंदु चमकत असलेलें चित्र मला फार आवडलें आणि मीं त्यास पहिलें बक्षीस दिलें. चार दिवसांनीं तो विद्यार्थी आपण होऊन माझ्याकडे आला व म्हणाला, "सर, ते थेंब दंवाचे नव्हते, मीं बाटलींतलें पाणी शिंपडलें होतें. आणि फूल एकटें दिसावें म्हणून आजूबाजूचीं फुलें उपटलीं होतीं." त्याच्या प्रामाणिकपणाचें मला कौतुक वाटलें, परंतु त्याहून अधिक माझी मलाच लाज वाटली. चित्र कसें घेतलें, हें मीं एका शब्दानें विचारलें नव्हतें. आम्ही शिक्षक वर्गांत काय बोलतों यापेक्षां बक्षीस कशास देतों, हें मुलें अधिक लक्षांत ठेवतात. तेव्हां चूक मुलाची थोडी व परीक्षकाची फार होती. त्या चुकीवरून जे विचार सुचले, ते विद्यार्थी व पालक यांच्यापुढें ठेवीत आहें.

कासचें पठार साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून सुमारें १,२०० मीटर उंचीवर आहे. तेथें जांभ्या दगडाच्या कातळावर मातीचा अगदीं पातळ थर आहे. मोठीं झाडें त्यांत मूळ धरूं शकत नाहींत. पण सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक जातींची नोंद त्या परिसरांत झालेली आहे. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ३९ स्थळांस जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कासही आहे. छायाचित्रांनीं कासची कीर्ति दूरवर नेली हें खरें. परंतु त्या कीर्तीच्या मागोमाग गर्दी आली, आणि ती आवरण्यासाठीं शुल्क, आगाऊ नोंदणी व दररोजच्या प्रवेशास मर्यादा घालावी लागली. तेथील पुष्कळशीं रोपें वर्षायु आहेत. पावसांत उगवावें, फुलावें, बीं टाकावें आणि वाळून जावें, एवढेंच त्यांचें आयुष्य. बीं धरण्यापूर्वींच फूल पायाखालीं आलें किंवा उपटलें गेलें, तर त्या रोपाचा वंश तेथेंच खुंटला. एका सुंदर चित्रासाठीं उपटलेल्या चार फुलांची किंमत ही अशी आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, कासला जाणारे बहुतेक लोक सप्टेंबरांतील दोन आठवड्यांतच जातात व सारे जवळजवळ एकच चित्र घेऊन परततात. परंतु पठाराचें वर्ष केवढें मोठें आहे! पहिल्या पावसानंतर वायतुऱ्याचे तुरे वर येतात. पुढें चवरीचीं पांढरीं फुलें दिसूं लागतात. नंतर तेरड्याचा गुलाबी, गेंदाचा पांढरा, सोनकीचा पिंवळा व सीतेच्या आसवांचा निळा रंग पसरतो. हीं सीतेचीं आसवें पाहावयास मोठीं नाजूक. पण ती वनस्पति कीटकभक्षक आहे. त्या हलक्या मातींत नत्र पुरेसा नाहीं, म्हणून ओल्या जमिनींतील अतिसूक्ष्म जीव ती आपल्या इवल्याशा पिशव्यांत पकडते. टोपली कारवी तर सात वर्षांनीं एकदां बहरते. तिचें चित्र हवें असेल त्यास थांबावें लागतें. आणि एप्रिलांत तेथें काय असतें? काळसर, तापलेला, उघडा कातळ. त्या कातळाचें चित्र कोणी घेत नाहीं. पण त्याच्याच फटींत पुढच्या भाद्रपदाचें बीं निजलेलें असतें. एप्रिलचें तें ओसाड चित्र शेजारीं ठेविल्यावांचून सप्टेंबरच्या चित्राचा अर्थ पुरता कळत नाहीं, असें माझें मत आहे.

अर्थात् ऋतु पाहण्यासाठीं कासलाच गेलें पाहिजे असें नाहीं. रस्त्यावर किंवा अंगणांत एखादा बहावा असेल तर तो पुरे. उन्हाळ्याच्या तोंडाशीं त्याचीं जुनीं पानें गळतात. ऐन उन्हांत पिंवळ्या फुलांचे लांब घोस लोंबूं लागतात. त्याच सुमारास कोंवळी तांबूस पालवी फुटते. पावसाळ्यांत हिरव्या शेंगा वाढतात, आणि थंडींत त्या हातभर लांब व काळपट होऊन झाडावर लटकत राहतात. बहावा फुलल्यापासून सुमारें दीड महिन्यानें पाऊस येतो, असें लोक म्हणतात. तें खरें कीं खोटें, हें वाद घालून ठरणार नाहीं. परंतु एकाच झाडाच्या पहिल्या फुलाचें व गांवांतील पहिल्या पावसाचें छायाचित्र तारखेसह दहा वर्षें जपून ठेविलें, तर त्या झाडापुरतें तरी उत्तर मिळेल. छायाचित्र केवळ शोभेची वस्तु न राहतां पुरावा होतें, तें असें.

अशा धिम्या कामाचीं उदाहरणें आहेत. अमेरिकेंतील व्हरमाँट येथील विल्सन बेंटली हा साधा शेतकरी. त्यानें १८८५ सालीं हिमकणाचें पहिलें छायाचित्र घेतलें आणि पुढें चाळीस वर्षांहून अधिक काळ, दर हिवाळ्यांत तेंच काम करून, पांच हजारांवर चित्रें जमविलीं. जर्मनींतील कार्ल ब्लॉसफेल्ट हा शिक्षक. विद्यार्थ्यांस आकृति शिकविण्यासाठीं तो रस्त्याच्या कडेचीं व रुळांलगतचीं साधीं रानरोपें घेऊन, स्वतः बनविलेल्या कॅमेऱ्यानें त्यांचीं मोठीं चित्रें काढी. सुमारें तीस वर्षें हें चालल्यावर १९२८ सालीं त्याचें पुस्तक निघालें व तो प्रसिद्धीस आला. दोघांनींही दुर्मिळ वस्तूंचा शोध केला नाहीं. जें दारांत होतें तेंच पुन्हां पुन्हां पाहिलें.

कित्येकांचें म्हणणें असें कीं, कॅमेरा डोळ्यांआड आला म्हणजे पाहणेंच राहून जातें. या म्हणण्यांत तथ्य आहे. आमच्या लहानपणीं एका रिळांत छत्तीस चित्रें असत. एकेक चित्र घेण्यापूर्वीं विचार करावा लागे. आज मोबाईलवर एका सहलींत तीनशें चित्रें निघतात व त्यांतील एकही पुन्हां पाहिलें जात नाहीं. परंतु हा दोष यंत्राचा नसून घाईचा आहे. त्याच यंत्रानें एकाच झाडाकडे दर महिन्यास परत गेल्यास तें यंत्रच पाहण्याची संवय लावील.

म्हणून पुढील स्पर्धेचे नियम मीं बदलूं इच्छितों. प्रत्येकानें एक झाड किंवा एक जागा निवडावी. जूनपासून मेपर्यंत, ठराविक दगडावर उभें राहून, दर महिन्यास एक चित्र घ्यावें. त्याखालीं तारीख लिहावी व काय बदललें तें दोन ओळींत सांगावें. कांहींही तोडूं नये, उपटूं नये, शिंपडूं नये. ज्या महिन्यांत कांहींच घडलें नाहीं असें वाटेल, त्या महिन्याचेंही चित्र असलेंच पाहिजे. पालकांस विनंती एवढीच कीं, यासाठीं महाग कॅमेरा घेऊन देऊं नये. घरांतील साधा मोबाईल महिन्यांतून एकदां पुरेल. त्याऐवजीं मुलाबरोबर त्या झाडापर्यंत चालत जावें. फुलाचें नांव तुम्हांस ठाऊक नसेल तर आजीला विचारावें. तिला बहुधा ठाऊक असतें.

त्या विद्यार्थ्याचें बक्षीस मीं परत मागितलें नाहीं. त्यानेंच तें आणून माझ्या टेबलावर ठेविलें. नव्या स्पर्धेसाठीं पहिलें नांवही त्यानेंच दिलें आहे. झाड कोणतें, असें विचारतां तो म्हणाला, "आमच्या दारांतला शेवगा." मीं तें वहींत लिहून घेतलें.