चित्रकलेचा तास काढू नये



सातवी-आठवीचा चित्रकलेचा तास बंद करून तो गणिताला द्यावा, अशी सूचना काही पालकांकडून विश्वस्त मंडळापुढे आली आहे. सूचनेमागची कळकळ मी जाणतो. परंतु मुलांचे गुण नेमके कुठे जातात ते उत्तरपत्रिका उघडून पाहिले, तर हा तास काढणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध भलतीकडे, असे मला वाटते.

एक आकृती दिलेली असते, शेजारी तिचीच दुसरी प्रत. ती सरकवली आहे, फिरवली आहे, आरशात धरली आहे की लहान-मोठी केली आहे, हे ओळखायचे असते. पुस्तकी भाषेत स्थानांतरण, घूर्णन, परावर्तन आणि प्रमाणबदल. (मी हिंदी माध्यमात पदवी घेतलेला, म्हणून हे शब्द माझ्या तोंडी हिंदी पुस्तकातून बसले आहेत. आपण सरकवणे, फिरवणे म्हटले तरी गणित बिघडत नाही.) मुले व्याख्या घडाघडा म्हणतात आणि आकृती समोर आली की अंदाजाने खूण करतात. सरकवणे आणि मोठे करणे बहुतेकांना कळते. घोटाळा होतो तो आरसा आणि फेरा यांत.

आपल्याकडे पटत नसलेल्या दोघांना छत्तीसचा आकडा म्हणतात, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले आहेत. आता मुलांनो, ३ आरशात धरला की ६ होतो, की अर्धा फेरा दिला की होतो? शेपटी झाकून पाहा, दोन्ही उत्तरे बरोबर येतात. शेपटी उघडी ठेवा, मग फरक दिसतो: आरशात ती खालीच राहते, फेऱ्यात वर जाते. शिक्षकांनीही हे ध्यानात घ्यावे. जी आकृती मुळातच सममित आहे, उदाहरणार्थ समद्विभुज त्रिकोण, ती देऊन 'परावर्तन की घूर्णन' असे विचारले, तर हुशार मुलगाच गोंधळतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

हेच ज्ञान घरात आजीकडे असते. नातीने उंबऱ्यावर स्वस्तिक उलट्या वळणाचे काढले, तर आजी लांबूनच म्हणते, "अगं, उलटं झालं की!" तिने परावर्तनच ओळखलेले असते. स्वस्तिकाला पाव फेरा द्या, ते तसेच दिसते. आरशात धरा, दुसरेच होते. फेरा चालतो पण आरसा चालत नाही अशी इतकी सोपी आकृती मला तरी दुसरी ठाऊक नाही. महालक्ष्म्यांच्या सणात दारापासून आत पावले काढतात, एका मुठीने डावे, दुसऱ्या मुठीने उजवे. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाचे आरशातले रूप असते आणि थोडे पुढे सरकलेले असते. परावर्तन आणि स्थानांतरण एकत्र! पण मुलींनी रांगोळी काढायची आणि मुलांनी गणित सोडवायचे, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. तिच्यात नुकसान दोघांचेही आहे.

आणि आपण राहतो कुठे? बीदरला महमूद गवानाचा मदरसा आहे, १४७२ साली बांधलेला. त्याच्या उरलेल्या मनोऱ्यावर रंगीत फरशांचे वरखाली मोडत जाणारे पट्टे आहेत. त्यातल्या एकाच पट्ट्यात सरकवणे, आरसा आणि अर्धा फेरा, तिन्ही सापडतात. कलबुर्गीच्या किल्ल्यातली जामा मशीद १३६७ सालची. तिचा मोठा घुमट पश्चिमेला असल्यामुळे नकाशाला अर्धा फेरा दिला तर तो जुळत नाही. बिदरी कामाचा कारागीर काळ्या धातूवर नक्षी छिन्नीने कोरून त्यात चांदी बसवतो. सुरईच्या पोटावर एकच झाड पुन्हा पुन्हा फिरत जाते, आणि शेवटचे झाड पहिल्याला बरोबर येऊन भेटावे लागते.

हे ओळखायची रीत सोपी आहे. आकृतीवर बटर पेपर ठेवून ती उतरवून घ्या. कागद न उलटता, नुसता फिरवून ती दुसऱ्या आकृतीवर बसली तर घूर्णन. कागद पालथा करावाच लागला तर परावर्तन. कागद नसेल तर कोपऱ्यांना क, ख, ग नावे द्या. पहिल्या आकृतीत ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे येतात आणि दुसरीत उलट दिशेने, तर मध्ये आरसा आहेच. पण हे हाताने करावे लागते, फळ्यावर पाहून येत नाही. आणि हाताने करायला आपल्या वेळापत्रकात चित्रकलेचा एकच तास उरला आहे.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे की तो तास राहू द्यावा. महिन्यातून दोन वेळा गणिताचे आणि चित्रकलेचे शिक्षक तो मिळून घेतील, तशी दोघांची तयारी आहे. खर्च म्हणाल तर बटर पेपर, आणि एका शनिवारी बीदरला जाण्यायेण्याचे बसभाडे. पालकांनी परवानगीची चिठ्ठी द्यावी. मुलांनी सोबत डबा, पेन्सिल आणि तळहातावर मावेल एवढा आरसा आणावा.

— मुख्याध्यापक