‘म्हणजे मेला की नाही मेला?’

१५ ऑगस्ट २०२१, रविवार. आमचा बारावीचा निकाल नुकताच लागला होता, तोही परीक्षा न देता. आमची बॅच आठवते ना? सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत त्या संध्याकाळी मात्र वेगळ्याच निकालाची वाट बघणं चाललं होतं. ‘देवमाणूस’चा शेवटचा भाग होता. नेहमीचा अर्ध्या तासाचा नव्हे, चांगला लांबलचक. आजीने जेवणं लवकर उरकून घेतली, भाजलेल्या शेंगांचं ताट मांडीवर घेतलं आणि मला फोन बाजूला ठेवायला लावला.

भाग संपला. आजीने शेवटची शेंग फोडली आणि विचारलं, “म्हणजे मेला की नाही मेला?”

मला सांगता येईना. वर्षभर सोमवार ते शनिवार रात्री साडेदहाला आम्ही ज्या एका क्षणासाठी बसलो, तो क्षण आला आणि अर्धवटच गेला. डिसेंबरमध्ये दुसरं पर्व सुरू झालं, तेव्हा उत्तर मिळालं. नव्हताच मेला. मग २०२५ च्या जूनमध्ये ‘मधला अध्याय’ही आला. म्हणजे चार वर्षांनीही आजीचा प्रश्न ताजाच राहिला.

आधीच सांगते, मी या मालिकेची फॅन आहे, आणि हे लाजत सांगत नाहीये. लॉकडाऊनमुळे थांबलेली शूटिंग पुन्हा सुरू झाली होती, तेव्हा ३१ ऑगस्ट २०२० ला ती आली. किरण गायकवाडचा तो गोड बोलणारा, नम्र, खोटा डॉक्टर पहिल्याच आठवड्यात अंगावर आला. सरू आजीच्या शिव्या आमच्या आजीने पाठ केल्या. कॉलेज ऑनलाइन होतं, कट्टा बंद होता, त्यामुळे रात्री अकरानंतर आमच्या ग्रुपवरच कट्टा भरायचा. तुमच्यापैकी अर्ध्यांच्या घरी हेच चालू असणार. म्हणूनच तुमच्याशी बोलतेय.

आपण मालिकेला ‘फालतू भाग’ म्हणतो तेव्हा आपला नेमका राग कशावर असतो?

बहुतेक वेळा आपण म्हणतो, “आज काहीच झालं नाही यार.” पण ही तक्रार काही खरी नाही. काहीच न घडणारे कित्येक भाग आपण श्वास रोखून बघितलेत. डॉक्टर ओट्यापाशी चहा करतोय, समोर एक बाई विश्वासाने बसलीय, एवढंच. तरी आपण ओरडतोय, “अगं ऊठ, घरी जा!” हिचकॉकने सस्पेन्स समजावताना टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं, ते मास कॉमच्या पहिल्याच वर्षात कानावर पडतं. टेबलाशी बसलेल्यांना माहीत नाही, प्रेक्षकाला माहीत आहे, म्हणून साध्या गप्पाही जीवघेण्या होतात. ‘देवमाणूस’ याच जातीची मालिका. खुनी कोण हे आपल्याला सुरुवातीपासून माहीत होतं. प्रश्न एकच, तो सापडणार कधी?

आणि इथेच रोजच्या मालिकेची गोची होते. ‘सापडणार कधी’ला ‘आज’ असं उत्तर दिलं की मालिका संपली. आकडे चांगले आहेत, जाहिराती मिळताहेत, मग संपवायचं कशाला? त्यामुळे त्याचं सापडणं पुढे ढकलायचं. आता ते ढकलण्याचे रस्ते दोनच. एक, खुनी आणखी हुशार करायचा. दोन, त्याला पकडणारे बावळट करायचे. पहिल्या रस्त्यावर लेखकाला डोकं चालवावं लागतं, रोज वीस-बावीस मिनिटांचा मजकूर द्यायचा असेल तर ते सोपं नाही. दुसऱ्याला फारसं काही लागत नाही.

एसीपी दिव्या सिंग आठवा. कडक, हुशार, गावात आली तेव्हा वाटलं की आता खरी जुगलबंदी सुरू. डॉक्टर गोत्यात, आपण सावरून बसलो. आणि मग ती त्याच डॉक्टरमध्ये गुंतत गेली. माणूस प्रेमात पडू शकतो, पोलीसही पडू शकतो, मान्य. पण समोर आलेली शंका दर वेळी तिने गिळायची, पुरावा दर वेळी नेमका हुकायचा, हे बघताना मला कंटाळा नाही आला, अपमान वाटला. तिचाही आणि माझाही. माझ्या दृष्टीने मालिकेचे खरे पडते भाग ते. शेवटचा भाग त्यांचाच मोठा भाऊ. तिथे तर सुटकेची वाट खुन्याऐवजी लेखकांनीच करून दिली, पुढच्या पर्वासाठी.

हे सगळं मी दुसऱ्या वर्षाला असताना वर्गात जोरजोरात मांडलं होतं. पटकथेच्या तासाला प्रत्येकाने आवडत्या मालिकेचा सगळ्यात वाईट भाग निवडायचा होता. मी टाळ्या घेतल्या. माझ्या मागच्या बाकावर वाई तालुक्यातली एक मैत्रीण बसते. ती टाळ्या वाजवत नव्हती. नंतर कँटीनमध्ये म्हणाली, “आमच्याकडे ही मालिका लागली की आई उठून आत जायची. तुला ती गोष्ट वाटते. आम्हाला तो रस्ता माहितीये.”

वाई पुण्यापासून दोन-अडीच तासांवर. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या धोम गावच्या, डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसाला अटक झाली. वेगवेगळ्या वर्षांत बेपत्ता झालेल्या सहा जणांच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आहे. त्यातल्या पाच बायका. पहिला खून २००३ मधला असल्याचं तपासात पुढे आलं, म्हणजे मधे तेरा वर्षं गेली. पुण्याला मुलीकडे निघालेली एक अंगणवाडी कार्यकर्ती पोहोचलीच नाही, तिच्या घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि तिथून हा गुंता सुटायला लागला. ‘देवमाणूस’ या प्रकरणावरून सुचल्याचं सुरुवातीपासून बोललं जात होतं.

आता विचार करा. खऱ्या आयुष्यात खूनी सापडणं म्हणजे कुणीतरी हट्टाने विचारत राहणं होतं, “ती पोहोचली का? मग गेली कुठे?” मालिकेला सस्पेन्स यातून मिळाला नसता का? हेलपाटे घालणारी मुलगी, सहकारी बायकांचं एकत्र येणं, जुन्या तक्रारींशी नवी तक्रार जोडून बघणारा एखादा हवालदार. खुनी हुशार, शोधणारे चिवट. त्यात तीनशे भाग निघाले असते की नाही माहीत नाही, पण जे निघाले असते ते खणखणीत असते. त्याऐवजी आपल्याला काय मिळालं? एकेक बाई येते, भुलते, मरते. दुसरी येते. भाग लांबवायची सगळी किंमत बायकांनी भोळं राहून चुकवायची.

म्हणून पडता भाग ही फक्त करमणुकीची तक्रार राहत नाही. रोज रात्री घरोघरी बायका अशाच फसतात आणि पोलीस असेच चुकतात हे वर्षभर बघितलं की ते सवयीचं होतं. आमची आजीसुद्धा मधेच म्हणायला लागली होती, “त्या बाईला कळायला नको का?” खुन्याबद्दल तिने हे कधी म्हटलं नाही. त्याच्या हुशारीचं तर ती कौतुक करायची. मीही करायचे.

लेखकांची बाजूही बघायला हवी. आठवड्याला सहा भाग, रोजची शूटिंग, दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे. उत्तर लवकर द्यावं तर तेही बोकांडी बसतं. अमेरिकेत १९९० मध्ये ‘ट्विन पीक्स’ आली, लॉरा पामरला कुणी मारलं या एका प्रश्नावर. चॅनेलच्या दबावामुळे दुसऱ्या पर्वाच्या मधेच खुनी उघड केला गेला, मालिकेची पकड सुटली आणि १९९१ मध्ये ती बंद झाली. म्हणजे उत्तर दिलं तरी मरण, नाही दिलं तरी शिव्या. हे मान्य करूनही मी म्हणेन की प्रश्न संपल्यावर मालिका संपवायची हिंमत हवी. एखादी सहा महिन्यांत संपली तर काय बिघडलं?

आणि आपण काय करतो तेही बघू. ग्रुपवर ‘पकाऊ’ लिहितो, मीम टाकतो आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला परत टीव्हीसमोर. मीही तेच केलं. दुसरं पर्व बघितलं, तिसराही लावलाय. त्यामुळे ‘बघू नका’ असं सांगायचा मला काडीचा अधिकार नाही, आणि सांगायचंही नाहीये.

एवढंच म्हणतेय की तक्रार नीट करूया. पुढच्या वेळी भाग पडला की नुसतं ‘बोअर’ म्हणून सोडून देऊ नका. कुणाला बावळट करून हा भाग लांबवला, हे विचारा. पोलिसाला? वकिलाला? मरणाऱ्या बाईला? की तुम्हाला? आपल्यातलेच काही जण उद्या या मालिका लिहायला जाणार आहेत. निदान त्यांच्या डोक्यात तरी हा प्रश्न आत्तापासून असू दे.

परवा आजीबरोबर ‘मधला अध्याय’ बघत होते. जाहिराती लागल्या तेव्हा मी तिला वाईच्या मैत्रिणीची गोष्ट सांगितली. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या अंगणवाडीतल्या बाईच्या लेकीचं पुढे काय झालं गं?”

तेवढ्यात भाग सुरू झाला.