आपला पाट, आपली राखण



रात्री पाण्याची पाळी असली की आपण बॅटरी घेऊन पाटाच्या कडेने एक चक्कर मारून येतो. मोटार चालू आहे, विहिरीला पाणी आहे आणि तरी खालचा ऊस कोरडा, असे दिसले की आपण काय समजतो? वर कुणीतरी पाट फोडून पाणी आपल्या वावरात वळवले आहे.

आपल्या फोनचेही असेच होते. फोन चालू असतो, रिचार्ज असतो, रेंज असते, पण दिवसभर कुणाचा फोन म्हणून येत नाही. अशा वेळी काय करावे, ते आज सांगतो.

२०२३ सालच्या कापूस वेचणीतली गोष्ट. आमच्या शेजारच्या आक्का दुपारी वावरातून घरी आल्या आणि फोन वाजला. बोलणारा मोठा गोड. "मावशी, तुमचं पार्सल आलंय, पण घर सापडत नाही. मी सांगतो तो नंबर लावा, आमच्या पोराशी बोलणं होईल." मुलाने फवारणी पंपाचे सामान मागवलेले होतेच. आक्कांनी विश्वासाने आकडे दाबले. आधी स्टार, मग २१, पुन्हा स्टार, मग एक दहा आकडी नंबर आणि शेवटी हॅश. पडद्यावर इंग्रजीत काही अक्षरे आली आणि गेली. पार्सल मात्र आले नाही.

संध्याकाळी जावयाने आमच्या फोनवर विचारले, "सासूबाईंनी व्हॉट्सॲपवर दवाखान्यासाठी वीस हजार मागितलेत. खरं आहे का?" जावई शहाणा, त्याने आधी विचारले. भाचा भोळा. त्याने आत्याच्या काळजीने पाच हजार पाठवूनही दिले होते.

झाले होते काय? आक्कांनी जो नंबर लावला, तो नुसता नंबर नव्हता. 'माझ्याकडे येणारे सगळे फोन या माणसाकडे वळवा' असा तो कंपनीला दिलेला हुकूम होता. पाट आक्कांच्या हातूनच फोडून घेतला होता. मग चोराने स्वतःच्या फोनवर आक्कांच्या नंबराने व्हॉट्सॲप चालू केले आणि खात्रीचा आकडा फोन करून सांगावा, अशी मागणी केली. तो फोन वाजला चोराकडे. पुढचे सोपे होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हा हुकूम फोनमध्ये नसतो, कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो. म्हणून फोन बंद करून पुन्हा चालू केला किंवा कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घातले, तरी तो जात नाही. तो मोडावाच लागतो.

आता तीन आकडे वहीत लिहून घ्या. फोन लावायच्या ठिकाणीच ते दाबायचे.

पहिला, *#२१#. हे दाबून हिरवे बटण दाबा. आपले सगळे फोन दुसरीकडे वळवले आहेत की नाहीत, ते पडद्यावर दिसते. नंबर अनोळखी दिसला तर समजा, पाट फुटला आहे. 'हा आकडा लावला की फोन कुणी चोरून ऐकतो का ते कळते,' असे लोक सांगतात, ते खरे नव्हे. फोन वळवला आहे का, एवढेच तो सांगतो. *#६२# लावल्यावर फोन बंद असताना किंवा रेंज नसताना कॉल कुठे जातो ते कळते. तेथे पुष्कळदा कंपनीचाच नंबर असतो, त्याने घाबरू नये.

दुसरा, ##००२#. याने सगळी वळवावळवी एकदम मोडते. मात्र तुम्ही स्वतःच मुलाच्या नंबरावर फोन वळवून ठेवला असेल, तर तेही मोडेल. काही ठिकाणी हे आकडे चालत नाहीत. तेव्हा फोनच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग पाहावे, नाहीतर कंपनीच्या ग्राहक सेवेला सांगावे.

तिसरा, *#०६#. हा दाबताच फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. बैलाच्या कानातला बिल्ला असतो, तसा हा फोनचा बिल्ला. दोन कार्डांच्या फोनला असे दोन नंबर असतात. ते बँकेच्या पासबुकाजवळ लिहून ठेवा, फोनमध्ये नको. फोनच गेला तर नंबर कुठून काढणार? बाजारात फोन हरवला तर पोलिसांत तक्रार द्या. मग सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर हा नंबर देऊन फोन बंद पाडता येतो. ही सोय २०२३ सालच्या मे महिन्यात देशभर सुरू झाली. जुना फोन विकत घेतानाही हा नंबर पाहावा. इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरे, मग जागा सोडून पंधरा आकडे, असा संदेश १४४२२ वर पाठवला की त्या फोनची माहिती येते.

पण हौसेने भलतेच आकडे दाबून पाहू नका. काही आकडे दुरुस्ती करणाऱ्यांसाठी असतात आणि त्यातले काही सारा फोन पुसून टाकतात. २०१२ साली रवी बोरगावकर या संशोधकाने अर्जेंटिनातल्या एका परिषदेत दाखवून दिले, की त्या वेळच्या काही सॅमसंग फोनांमध्ये नुसते एक पान उघडले, तरी असा आकडा आपोआप लागून फोन कोरा होत असे. तो दोष पुढे दुरुस्त झाला, पण धडा राहिला.

या फसवणुकीपायी दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून आकडे लावून फोन वळवण्याची सोय थांबवण्याचा आदेश कंपन्यांना दिला. तरी निर्धास्त राहू नका. चोर एक वाट बंद झाली की दुसरी धरतो. व्हॉट्सॲपमध्ये सहा आकडी गुप्त क्रमांक लावण्याची सोय आहे, तो घरातल्या लेकीकडून किंवा मुलाकडून आजच लावून घ्या. मग खात्रीचा आकडा चोराला मिळाला, तरी त्याचे काम अडते. आणि पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

आक्का आठ दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. "मीच दाबलं ना," एवढेच म्हणत. त्यांचा काय दोष? गोड बोलून फसवणाऱ्याचा दोष. भाच्यानेही तसेच सांगितले, "आत्या, पैसे जाऊ दे, तू बरी आहेस ना?" आता त्याच आक्का गल्लीतल्या बायांना सांगतात, "अनोळखी माणसानं सांगितलेला आकडा दाबायचा न्हाई. पार्सल न्यायचं आसंल तर घर हुडकत यील."

यापेक्षा चांगला सल्ला मला सुचत नाही. हे तीन आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा समोर बसून लावून दाखवा.