आमचा प्लॅटफॉर्म, त्यांचे नग

पुण्यात कुठल्याही शनिवारी संध्याकाळी एखादा तरी उद्योजक-मेळावा सापडतोच. मागे मोठा फ्लेक्स, दाराशी नावाचे बिल्ले, गार झालेले बटाटेवडे आणि भिंतीलगत चार-सहा स्टॉल. त्यातल्या निदान दोन स्टॉलवर पंचविशीतली मुलं एकसारखे टी-शर्ट घालून उभी असतात. कंपनी दीड वर्षाची, माणसं तीन. माझं मत विचाराल, तर ही मुलं तिथे जातात हे अगदी बरोबर, पण तिथे जे बोलतात ते साफ चुकीचं. आणि चुकीचं बोलणं महागात पडतं.

आधी जाण्याबद्दल. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची एक लाडकी समजूत आहे. प्रॉडक्ट चांगलं असलं की ते आपोआप खपतं, मेळाव्यात कार्डं वाटत फिरणं हे विमा एजंटाचं काम. (काही विमा एजंट आपल्यापेक्षा जास्त कमावतात, हे सोयीस्करपणे विसरायचं.) आता लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर घ्या. नांगर चांगला होता. पण लोखंडाने जमीन नासते, असं म्हणत शेतकरी त्याला हात लावेनात. पुढे त्याच किर्लोस्करवाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. कारखान्याचं स्वतःचं पत्र, ज्याचं नंतर 'किर्लोस्कर' मासिक झालं. म्हणजे माल उत्तम असला तरी बोलावं लागतं, आणि शंभर वर्षांपूर्वी ते आपल्याकडे कुणालातरी चांगलं कळत होतं. तेव्हा 'मराठी माणसाला विकता येत नाही' हे पालुपद आज नको. कंटाळा आलाय त्याचा.

आता बोलण्याबद्दल. बीएनआयसारख्या गटांची पद्धत अनेकांना माहीत असेल. आयव्हन मायस्नर यांनी १९८५ साली अमेरिकेत हे सुरू केलं. दर आठवड्याला बैठक, बहुधा भल्या सकाळी. एका गटात एका व्यवसायाचा एकच माणूस. प्रत्येकाने थोडक्यात आपलं काम सांगायचं आणि एकमेकांना गिऱ्हाईक सुचवायचं. आता एखादी सीए उठून म्हणते, "जीएसटीची नोटीस आली असेल तर माझ्याकडे पाठवा." समोर बसलेल्या टाइल्सवाल्याला सीएचं काम कळत नसेलही, पण ते वाक्य तो रात्री मेहुण्याला जसंच्या तसं सांगू शकतो. सगळी मेख इथे आहे. खोलीतले चाळीस लोक हे तुमचं गिऱ्हाईक नसतंच मुळी. ते निरोपे असतात. तुम्ही त्यांना सांगितलेलं त्यांना घरी नेता आलं पाहिजे, नाहीतर ते वड्याबरोबर तिथेच राहतं.

आणि आमची मुलं काय सांगतात? "वी आर अॅन एआय-पॉवर्ड सप्लाय चेन व्हिजिबिलिटी प्लॅटफॉर्म." सांगा बरं हे मेहुण्याला!

हे वाक्य मी माझ्या मामेभावाच्या तोंडून ऐकलं. त्याने आणि त्याच्या मैत्रिणीने नोकऱ्या सोडून कंपनी काढली. दोघांची शिल्लक मार्चपर्यंत पुरेल. (मामीला हा आकडा माहीत नाही, आणि ती हे वाचत नाही :) ) "दादा, शनिवारी ये ना, स्टॉलवर माणूस कमी आहे," म्हणाला, म्हणून गेलो. स्टॉलचे १८,००० रुपये भरले होते. आधी दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, मग शाल-श्रीफळ, मग मान्यवरांचं मनोगत, मग दुसऱ्या मान्यवरांचं. नवउद्योजकांना मिळाली दोन-दोन मिनिटं. याने ती त्या प्लॅटफॉर्मवर घालवली. टाळ्या पडल्या. टाळ्या सगळ्यांनाच पडतात.

वास्तविक त्यांनी बनवलेली गोष्ट झकास आहे. भोसरीतला एखादा वर्कशॉपवाला घ्या. त्याचा माल प्लेटिंगला एकीकडे जातो, हीट ट्रीटमेंटला दुसरीकडे. जाताना चलन फाडलं जातं. जीएसटीच्या नियमाप्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशीच तो विकला असं धरून कर लागतो. डाय-फिक्श्चर त्यातून वगळलेत. पण व्यवहारात चलनं खिळ्याला टोचलेली, शंभर गेले, ब्याण्णव आले, उरलेले कुठे आहेत हे सुपरवायझरच्या डोक्यात. आणि सुपरवायझर गावी. हे सगळं या दोघांचं सॉफ्टवेअर सांभाळतं.

स्टॉलवर एक साठीचे गृहस्थ आले. चष्मा कपाळावर, हाताला ऑइलचा वास. त्यांनी पत्रक उलटसुलट केलं आणि विचारलं, "म्हणजे नक्की काय करता तुम्ही?" भावाने पुन्हा प्लॅटफॉर्म सुरू केला. तेवढ्यात त्याची पार्टनर मधेच म्हणाली, "काका, तुमचा कुठला माल कोणाकडे किती दिवस पडून आहे, ते सकाळी मोबाइलवर दिसतं." गृहस्थ थांबले. मग म्हणाले, "प्लेटिंगवाल्याकडे माझे चारशे नग अडकलेत. तो म्हणतो, दिले." पुढची वीस मिनिटं ते खुर्ची ओढून बसले होते, आणि जाताना आणखी दोघांना घेऊन आले. आणताना त्या दोघांना काय सांगत होते, ते मी कान देऊन ऐकलं. तिचंच वाक्य, शब्दाला शब्द.

यावर भावाचा मुद्दा असा, की असं साधं बोललं तर कंपनी लहान वाटते, गुंतवणूकदार विचारणार नाही. त्यात तथ्य नाही असं नाही. गुंतवणूकदाराला बाजार किती मोठा हे ऐकायचं असतं, त्याच्यासमोर खुशाल प्लॅटफॉर्म म्हणा. पण त्या सभागृहात चेक फाडणारा गुंतवणूकदार कुठे होता? कारखानदार मात्र तीसेक तरी होते. आणि लहान वाटण्याचं म्हणाल, तर टॅली घ्या. श्यामसुंदर गोएंकांना स्वतःच्या धंद्याचे हिशेब सांभाळायला धड सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरतला, ते लिहायला लावलं. १९८६ची गोष्ट. तुमचे हिशेब ठेवतं, इतकंच काम. आजही छोट्या पेढीच्या जाहिरातीत 'टॅली येणारा हवा' एवढंच लिहिलेलं असतं आणि पुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

अजून एक. त्या संध्याकाळी भावाने पासष्ट व्हिजिटिंग कार्डं गोळा केली आणि घरी येऊन एक्सेलमध्ये भरली, अगदी मन लावून. मी चाळली. त्यात वेबसाइट बनवणारे, डिजिटल मार्केटिंगवाले, 'बिझनेस कोच' असे एकूण एक्केचाळीस. म्हणजे जे विकायला आले होते तेच. आपण सगळे आयटीवाले शनिवारी मोकळे असतो, म्हणून मेळावे शनिवारी. भोसरीत शनिवारी मशीन चालू असतात. तिथली सुट्टी गुरुवारी.

त्या काकांनीही गुरुवारीच बोलावलंय, अकरा वाजता, शॉपवर. भाऊ प्रेझेंटेशन नेणार होता. पार्टनरने सांगितलं, लॅपटॉप गाडीत ठेव, आधी खिळ्याची चलनं बघू.