घाटावरचं पिल्लू फ्लॅटमध्ये येतं तेव्हा

काशीच्या मणिकर्णिका घाटावर चिता रात्रंदिवस जळत असतात. थंडीच्या दिवसांत पहाटे तिथं गेलात, तर विझत आलेल्या चितांजवळच्या ऊबदार राखेत आणि लाकडांच्या ढिगांच्या आडोशाला कुत्री अंगाचं मुटकुळं करून झोपलेली दिसतात. त्यांना फारसं कुणी हाकलत नाही. काशीचा कोतवाल कालभैरव, आणि त्याचं वाहन कुत्रा.

आपल्या मराठी घरांनाही हे परकं नाही. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, आणि दत्तगुरू रोज काशीला स्नान करतात, असं घरोघरच्या आज्या सांगत आल्या आहेत. मणिकर्णिकेचा घाट तर १८व्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधून काढला. तेव्हा यात्रेला गेलेल्या कुटुंबातल्या मुलांनी त्या पायऱ्यांवरचं एखादं पिल्लू पाहून ‘आई, घरी नेऊया ना’ असा हट्ट धरला, तर नवल नाही.

अशी कुत्री दूरही जातात. २०२३ मध्ये वाराणसीच्या मोती आणि जया या रस्त्यावरच्या दोन कुत्र्यांची बातमी झाली होती. मोती इटलीला गेला, जया नेदरलँड्सला. भारतातून युरोपात कुत्रा न्यायचा तर मायक्रोचिप लागते आणि रेबीजची लस लागते. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि त्यानंतर तीन महिने थांबणं. एवढा धीर धरूनच ते कुत्रं घरी पोचतं.

आपल्या घरी पिल्लू आणताना परवाने कमी लागतात, पण धीर तेवढाच लागतो. कारण पहिल्या महिन्यात घरातल्यांचं डोकं फिरतं ते बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून: ‘सगळीकडे शू करतंय!’ मग कुणीतरी म्हणतं, ‘सोडून या त्याला खाली.’ घरात वाढलेलं पिल्लू दुसऱ्या टोळीच्या गल्लीत टिकणं फार कठीण असतं. म्हणून आज शी-शूच्या सवयीबद्दल नीट बोलूया.

पिल्लाच्या पायांना दगड माहीत असतो

पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाची आईच चाटून त्याला शी-शू करायला लावते आणि जागाही साफ ठेवते. साधारण तीन आठवड्यांनंतर पिल्लू स्वतःच झोपायच्या जागेपासून बाजूला जाऊ लागतं. स्वच्छतेची ही पहिली सवय त्याला माणसानं लावलेली नसते.

आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास आणखी एक गोष्ट पक्की होत जाते, ती म्हणजे पायाखाली काय असताना शू करायची. गवतावर वाढलेलं पिल्लू गवत शोधतं. घाटावरच्या पिल्लाला दगड कळतो. आता आपल्या फ्लॅटमध्ये बघा, सगळीकडे गार, टणक फरशी! त्याच्या हिशेबानं तुमचा दिवाणखाना म्हणजे घाटाची पायरीच. ते चुकत नाही, हट्टही करत नाही. त्याला नवी जागा अजून कळलेली नाही, इतकंच.

यावर सोपा उपाय आहे. बाल्कनीत किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात एका ट्रेमध्ये फरशीचा खडबडीत तुकडा ठेवा. ओळखीच्या स्पर्शानं पिल्लाला ती जागा लवकर पटते. नंतर त्यावर माती किंवा गवताचा तुकडा ठेवून हळूहळू बदल करता येतो.

क्रेट म्हणजे तुरुंग नाही

‘पिंजऱ्यात ठेवायचं? छे, पाप लागेल!’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात. त्यांची भीती अगदीच चुकीची नाही. प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाच आहे. पण लाकडांच्या ढिगात आडोसा शोधणारं कुत्रं आठवा. तीन बाजूंनी बंद, ऊबदार, छोटी जागा कुत्र्याला आवडते. क्रेट तसाच वापरायचा.

माप सोपं आहे. पिल्लाला आत उभं राहता, बसता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. विमानातून कुत्रा नेतानाही हीच अट असते. मात्र क्रेट फार मोठा असला, तर पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं. म्हणून मध्ये जाळी घालून जागा लहान करता येणारा क्रेट घ्या आणि पिल्लू वाढेल तशी जाळी सरकवा.

पहिले काही दिवस दार उघडंच ठेवा. आत जुनी चादर घाला, जेवण आतच द्या. ते आपणहून जाऊन झोपू लागलं की दार मिनिटभर लावा, मग पाच मिनिटं, मग थोडा जास्त वेळ. रात्री क्रेट तुमच्या पलंगाजवळ ठेवा, म्हणजे त्याला तुमचा वास आणि श्वास कळतो. उन्हाळ्यात क्रेट कधीही बंद बाल्कनीत ठेवू नका. आणि शिक्षा म्हणून तर आत मुळीच कोंडू नका, नाहीतर सगळी मेहनत वाया जाईल.

घड्याळ लावा

ढोबळ हिशेब असा: पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा. साधारण तितके तास ते शू रोखू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त तीन तास. जागं आणि खेळत असेल, तर त्याच्या कितीतरी आधीच न्यावं लागतं. या वेळा चुकवू नका:

• झोपेतून उठल्याबरोबर
• जेवणानंतर पाच ते वीस मिनिटांत
• खेळ संपल्यावर
• रात्री झोपण्यापूर्वी, आणि मध्यरात्री एक-दोनदा

खाणंही ठरल्या वेळी द्या. दिवसभर वाटी भरलेली असेल, तर शी कधी होईल ते सांगता येत नाही.

ट्रेजवळ नेल्यावर, तान्ह्या बाळाला शू करायला लावताना आई जसा ‘शूऽऽ’ आवाज काढते, तसाच रोज काढा. पिल्लू तो आवाज लवकर ओळखतं. शू झाली की दोन-तीन सेकंदांच्या आत ‘शाब्बास’ आणि खाऊ. घरात परत आल्यावर दिलेलं बक्षीस त्याला घरात आल्याचं वाटतं, शू केल्याचं नाही.

लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांपर्यंत, इतर कुत्री जिथं येतात अशा जमिनीवर पिल्लाला सोडू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. तोवर आपली बाल्कनी किंवा गच्ची बरी.

चुकून झालंच तर

नाक शूमध्ये घासणं, वर्तमानपत्राची सुरळी करून मारणं हे प्रकार आपल्याकडे अजून चालतात. त्यातून पिल्लू एकच शिकतं: ‘माणूस बघत असताना करायची नाही.’ मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. करताना दिसलं तर हलकी टाळी वाजवा, उचला, ट्रेवर न्या. नंतर लक्षात आलं तर काही न बोलता पुसून टाका.

पुसायला फिनाईल नको. त्यानं आपल्या नाकाला वास गेल्यासारखा वाटतो, कुत्र्याच्या नाकाला नाही. शिवाय ते पंजांवरून चाटून पोटात जातं. एन्झाइमचं क्लीनर उत्तम. साध्या टाइल्सवर पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून चालतं, पण संगमरवर किंवा शहाबादी असेल तर व्हिनेगर टाळा, दगडावर डाग पडतात.

एखादं पिल्लू क्रेटमध्येच शी करून त्यातच झोपत असेल, तर ते आधी कुठंतरी घाणीत कोंडलेलं असण्याची शक्यता आहे. त्याच्यासाठी क्रेट बाजूला ठेवा आणि मोकळं कुंपण वापरा. वारंवार थेंब-थेंब शू होत असेल किंवा रक्त दिसत असेल, तर तो सवयीचा प्रश्न नाही. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जा.

आणण्याआधी ठरवा

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडू नका, मग ते घाटावरचं असो की तुमच्या सोसायटीतलं. आई आणि भावंडांकडून त्याला अजून बरंच शिकायचं असतं. आणि सवय नीट लागायला चार ते सहा महिने जाऊ शकतात, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगा.

मग एक कागद फ्रिजवर लावा. त्यावर दिवसाच्या वेळा लिहा आणि प्रत्येक वेळेसमोर घरातल्या एकाचं नाव. पहाटे उठणारे आजोबा, शाळेतून येणारी ताई, रात्री उशिरा झोपणारे बाबा. मध्यरात्रीच्या रकान्यात नाव लिहायला कुणीच तयार नसेल, तर पिल्लू आत्ता आणू नका. घाटावर त्याच्या आईला पोटभर खायला घाला आणि ते रिकामे रकाने भरेपर्यंत थांबा.