हिवाळ्यातला पाहुणा

मंडळी, अथेन्सहून परत आल्यापासून मला एकच प्रश्न तिघांनी विचारला. "तिकिटाचे ३० युरो जड वाटतात, तर मग परदेशी जायचंच कशाला?" तिघांतले दोघे घरचेच आहेत, तेव्हा उत्तर इथेच लिहिते. फोनवर माझा आवाज चढतो!

आधी हिशेब. (इतिहासाच्या बाईंचा असला तरी बरोबर आहे.) मार्च २०२५ पर्यंत अक्रोपोलिसचं तिकीट उन्हाळ्यात २० युरो होतं आणि नोव्हेंबर ते मार्च १० युरो. शिवाय ३० युरोंत पाच दिवस चालणारं एक जोडतिकीट मिळायचं. त्यात अक्रोपोलिस, प्राचीन अगोरा, केरामेइकॉसचं दफनस्थान अशी सात ठिकाणं बघता यायची. १ एप्रिल २०२५ पासून जोडतिकीट बंद झालं, हिवाळी सवलतही गेली, आणि आता एकट्या अक्रोपोलिसचे बाराही महिने ३० युरो. म्हणजे उन्हाळ्यात येणाऱ्याला दीडपट आणि हिवाळ्यात येणाऱ्याला तिप्पट. चौथीतलं पोरही विचारेल, "बाई, पण गर्दी करतं कोण?"

गर्दी उन्हाळ्यात होते. इतकी, की सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला २० हजारच माणसं वर सोडायची असा नियम करावा लागला. जुलै २०२३ आणि जून २०२४ मध्ये तर उन्हाच्या तडाख्याने अक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवायची पाळी आली. अशा गावाने जानेवारीत येणाऱ्याच्या हातावर गूळ-पाणी ठेवायला हवं. ते राहिलं बाजूला, त्याचाच खिसा आधी कापला!

आम्ही दोघी निवृत्त शिक्षिका या जानेवारीत पाच दिवस तिथे होतो. उतरलो ओमोनियाजवळच्या एका साध्या खोलीत. बोचरा वारा, अधूनमधून पाऊस, संध्याकाळी पाचला फाटक बंद, आणि वरचा संगमरवर इतका गुळगुळीत झालेला, की ओला असला म्हणजे एकमेकींचा हात धरूनच चालायचं. स्वस्तातला प्रवासी हे सगळं समजून-उमजून पत्करतो. निम्मं तिकीट हा त्याच्यावर उपकार नव्हता, या गैरसोयीचा तो रास्त भाव होता.

आणि "स्वस्तातला" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनो, पैसे जातात कुठे तेही बघा. पिरेअसच्या बंदराला मोठं जहाज लागतं, माणसं बसने येतात, फोटो काढतात आणि जेवायला पुन्हा जहाजावर. आम्ही सकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवरून कुलुरी घ्यायचो (तीळ लावलेलं पावाचं कडं असतं), दुपारी छोट्याशा खाणावळीत फासोलादा, म्हणजे पांढऱ्या घेवड्याचं दाट सार. पाच दिवस रोज तीच खाणावळ. त्या मालकाला जानेवारीत गिऱ्हाईक कोण देतं?

"दगड जपायला पैसा लागतो" हे मला मान्य आहे. पण मग एप्रिल २०२४ पासून पाच जणांच्या गटाला ५००० युरोंत, इतरांना फाटक बंद असताना, खाशी फेरी सुरू केलीच आहे की! तिथून घ्या. हिवाळ्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो हेही खरं. स्थानिक माणसाला ते सोयीचं. इथून जाणारा मात्र विमानाचं स्वस्त तिकीट ज्या तारखेचं मिळेल त्या तारखेला जातो.

मला जास्त चीड येते ती याची, की हे अथेन्समध्ये चाललंय. त्याच ३० युरोंच्या तिकिटात टेकडीच्या दक्षिण उतारावरचं दिओनिसोसचं नाट्यगृह येतं. तिथे नाटक बघायला दोन ओबोल पडायचे. ते गरिबाला जड जाऊ नयेत म्हणून इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात नगराच्या खजिन्यातून नागरिकांना पैसे वाटले जात. त्या निधीचं नावच थिओरिकॉन, बघण्याचा निधी! (बायका आणि गुलाम नागरिक नव्हते, हेही मी वर्गात न विसरता सांगत असे.) पैसे नसले तरी माणसाने बघायला यावं, असं ज्या गावाला एकदा वाटलं होतं, त्याच्याकडून मी जास्त अपेक्षा ठेवणारच.

आता कोणीतरी म्हणेल, अजिंठ्याला आपण काय करतो? भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६००. अगदी बरोबर, आणि तेही मला पटत नाही. ग्रीसमधली एखादी निवृत्त बाई पै-पै साठवून फर्दापूरपर्यंत आली, तर तिच्याकडून पंधरापट घ्यायला मला तरी लाज वाटेल.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी एक: प्निक्सच्या टेकडीवर तिकीट लागत नाही. अथेन्सची लोकसभा भरायची ती जागा, समोर अख्खं अक्रोपोलिस दिसतं. आम्ही तीन संध्याकाळी तिथे बसलो, वर जेमतेम दहाबारा माणसं असतील.

भाचेबुवा जुलैत जाणार आहेत म्हणे. टोपी घ्या, पाणी घ्या, आणि दुपारची वेळ घेऊ नका. तिकीट आमच्याइतकंच पडेल.